भुकेतून उगवलेली जत्रा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

जत्रेचं मला लहानपणापासून वेड. आमच्या गावात चैत्रात ग्रामदैवताची जत्रा भरायची आणि सुगी आटोपली की पिराचा उरूस. श्रद्धास्थानं दोन, पण पाळणेवाला एकच, रेवडीवाला एकच आणि बैलबाजारातले दलालही तेच. त्यामुळं २०२३ च्या सप्टेंबरात मी जर्मनीत स्टुटगार्टला भाच्याकडं गेलो आणि तो म्हणाला, "मामू, अगदी वेळेवर आलात, इथली जत्रा सुरू झालीय," तेव्हा प्रवासाचा शीण विसरून मी त्याच्याबरोबर निघालो. त्या जत्रेविषयी आज थोडं सांगायचं आहे. ती बघताना मजा वाटली होती. तिचं मूळ कळलं तेव्हा मात्र मला माझ्या आईची आठवण झाली. ती का, ते शेवटी सांगतो.

स्टुटगार्ट हे नैर्ऋत्य जर्मनीतलं शहर. जगाला ते मोटारींसाठी माहीत आहे आणि १९६८ पासून ते आपल्या मुंबईचं भगिनी-शहरही आहे. पण कारखान्यांच्या या शहरात टेकड्यांच्या उतारांवर आजही द्राक्षमळे आहेत, अगदी वस्तीला खेटून. शहराच्या कडेनं नेकार नदी वाहते. तिच्या काठी कानश्टाट नावाचं जुनं गाव होतं, ते १९०५ मध्ये स्टुटगार्टात सामील झालं. तिथल्या नदीकाठच्या माळाला लोक 'वाझेन' म्हणतात. या माळावर दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीपासून सतरा दिवस 'फोल्क्सफेस्ट' भरतं. फोल्क्सफेस्ट म्हणजे सरळ अर्थानं लोकांचा उत्सव. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट आपण ऐकून असतो. त्याच्या खालोखाल ज्या मोठ्या जत्रांची नावं जर्मनीत घेतली जातात, त्यांत ही एक. एकेका वर्षी चाळीस लाखांच्या आसपास माणसं येतात.

आत शिरलो आणि क्षणभर वाटलं, आपण आपल्याच गावात आहोत. आकाशपाळणा, नेमबाजीचे स्टॉल, आरशांचं घर, हरवलेलं मूल आणि त्याला शोधणारी आई. एका बाजूला लाकडी चमचे, ब्रश, सुऱ्या, मसाले, गरम कपडे विकणाऱ्यांची रांग. फरक फक्त तंबूंत. तिथं हजारो माणसं एकाच छताखाली बाकांवर उभी राहून गात होती आणि प्रत्येकाच्या हातात लिटरभर बिअरचा मग. भाच्यानं मला आधीच समजावलं होतं, "मामू, सॉसेज डुकराचं, कोंबडी हलाल नाही आणि बाकी सगळी बिअर." मग आमच्या वाट्याला काय उरलं? साखरेत घोळून भाजलेले गरम बदाम आणि मक्याची कणसं. तक्रार नाही. बदामाचा तो वास अजून नाकात आहे.

तरुण मुलं चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घालून आणि मुली झालरीच्या झग्यांत आल्या होत्या. मला वाटलं, हाच इथला पारंपरिक पोशाख असणार. भाच्याचे घरमालक सत्तरीचे गृहस्थ. ते हे ऐकून चिडलेच. म्हणाले, हा पोशाख शेजारच्या बव्हेरियाचा, आमच्या वुर्टेम्बर्गचा नव्हे. आमच्याकडं गावागावाचा पेहराव वेगळा होता. तो जत्रेच्या पहिल्या रविवारी मिरवणुकीत दिसेल, तेवढाच. आम्ही ती मिरवणूक पाहिली. द्राक्षमळेवाले होते, मेंढपाळ होते, मद्याचे कारखानेवाले सजवलेल्या घोड्यांच्या गाड्या घेऊन आले होते. आपल्याकडंही लग्नात सगळ्या महाराष्ट्राचे नवरदेव एकाच तऱ्हेची शेरवानी घालतात, ते आठवलं आणि मी घरमालकांना मनातल्या मनात दाद दिली.

पण माझं लक्ष वेधून घेतलं ते वेगळ्याच गोष्टीनं. जत्रेच्या मधोमध एक उंच खांब उभा आहे. चांगला २६ मीटरचा, म्हणजे आठ मजली घराएवढा. त्याच्यावर फळं, भाज्या, धान्याच्या ओंब्या यांची सजावट आणि माथ्यावर मोठं पात्र. त्याला 'फ्रुख्टझॉयले' म्हणतात. आपण त्याला फळा-धान्याचा खांब म्हणू. एवढ्या झगमगाटात हा शेतकरी खांब कशासाठी? भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "तो असतोच मामू. गर्दीत चुकामूक झाली तर भेटायची खूण म्हणून बरा पडतो."

त्याचा दोष नाही. खांबाखाली एकमेकांची वाट बघत उभ्या असलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी तेच उत्तर दिलं असतं. मग मी घरमालकांना गाठलं, भाच्याला दुभाषा केलं, वाचायला मिळालं ते त्याच्याकडून समजून घेतलं. खांबाची जी गोष्ट हाती लागली ती अशी.

ती सुरू होते जर्मनीपासून हजारो मैलांवर, आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर. तिथं तांबोरा नावाचा ज्वालामुखी आहे. एप्रिल १८१५ मध्ये त्याचा प्रचंड स्फोट झाला. माणसानं नोंदवलेल्या इतिहासातला हा सर्वांत मोठा उद्रेक मानतात. बेटावरची आणि शेजारची हजारो माणसं मेली. पण त्याची राख आणि गंधकाचे वायू आकाशात इतके उंच गेले की वरच्या हवेत त्यांचा एक पातळ पडदा तयार झाला आणि तो पृथ्वीभर पसरला. सूर्याची ऊब अडली. पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनेव्हाच्या सरोवराकाठी पावसामुळं घरात अडकून पडलेल्या मेरी शेली या तरुण लेखिकेनं त्याच दिवसांत 'फ्रँकेन्स्टाइन'ची सुरुवात केली, हे साहित्याच्या वाचकांना ठाऊक असेल. वुर्टेम्बर्गच्या शेतकऱ्यापुढं मात्र कथा रचायला सवड नव्हती. त्याच्या शेतात पाणी साचलं होतं. धान्य उभ्यानं कुजलं, द्राक्षं पिकलीच नाहीत, डोंगरपठारावर तर बटाटे काढायच्या आधीच बर्फ पडलं.

आणि कारण कुणालाच माहीत नव्हतं. तांबोरा आणि हा हरवलेला उन्हाळा यांचा संबंध शास्त्रज्ञांनी जोडला तो विसाव्या शतकात. तोवर कुणी म्हणे हा देवाचा कोप, कुणी म्हणे जग बुडणार.

वुर्टेम्बर्गचा शेतकरी त्याआधीच मोडलेला होता. नेपोलियनच्या लढायांत सैन्यं त्याच्या शेतातून गेली होती, कर वाढले होते. शिवाय तिथं वडिलोपार्जित जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटण्याची रीत. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे इतके लहान झाले की एक पीक बुडालं की घर बुडायचं. हे ऐकताना आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. गाव परका असला तरी सातबारा ओळखीचा आहे.

१८१७ च्या वसंतात लोक गवत, झाडाची साल, लाकडाचा भुसा पिठात कालवून पाव भाजत होते. त्या काळच्या पावांचे सुकलेले तुकडे लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवले. काही संग्रहालयांत ते आजही आहेत. हजारो माणसं देश सोडून निघाली. काही अमेरिकेला गेली. काही उल्म गावाहून लाकडी होड्यांत बसून डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्राकडं आणि तिथून पुढं कॉकेशसला, झारच्या मुलखात. पुढं प्रसिद्ध झालेला अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट तेव्हा सरकारी नोकरीत होता. निघालेल्या लोकांना गाठून, तुम्ही का जाता, हे विचारण्याच्या कामावर सरकारनं त्याला पाठवलं. लोकांनी भूक तर सांगितलीच, पण करांचा बोजा आणि अधिकाऱ्यांचा जाचही सांगितला. म्हणजे पीक ज्वालामुखीनं मारलं होतं, पण माणूस त्याच्याही आधीपासून मरत होता.

अशा वेळी गादीवर नवा राजा आला, पहिला विल्हेल्म. ३० ऑक्टोबर १८१६ रोजी त्याचे वडील वारले आणि त्याच दिवशी त्याची राणी काथारिना बाळंत झाली. घरात मृत्यू, घरात जन्म आणि दारात दुष्काळ. ही काथारिना रशियाच्या झार अलेक्झांडरची बहीण. आधीची विधवा, दोन मुलगे पदरी असलेली आणि धर्मानं ऑर्थोडॉक्स. वुर्टेम्बर्गची बहुसंख्य प्रजा प्रोटेस्टंट. म्हणजे भाषा परकी, पंथ परका. ती फक्त सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होती.

१८१७ च्या जानेवारीत तिनं राज्यभराची एक मदतसंस्था उभी केली आणि जागोजागी तिच्या शाखा निघाल्या. गरिबांसाठी अन्नछत्रं सुरू झाली, बाहेरून धान्य आणवलं गेलं. पण तिचा एक आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. भीक देण्यापेक्षा काम द्यावं, असं ती मानायची. म्हणून हातांना कामं देण्याची सोय केली गेली. १८१८ मध्ये तिच्याच पुढाकारानं एक बचत बँक निघाली. मोलकरणी, गडीमाणसं, मजूर यांनी चार पैसे मागं टाकावेत म्हणजे पुढचं वाईट वर्ष त्यांना झेपेल, हा हेतू. त्याच वर्षी मुलींची शाळाही सुरू झाली.

राजानं दुसरी बाजू उचलली. १८१७ मध्ये त्यानं शेतकऱ्यांची वेठबिगारी संपवण्याचा हुकूम काढला. १८१८ मध्ये स्टुटगार्टजवळच्या होहेनहाइमला शेतीचं शिक्षण देणारी संस्था निघाली. तिथं सुधारलेले नांगर बनवण्याचा कारखानाही आला. आज तिथं विद्यापीठ आहे. राजा घोड्यांचा शौकीन होता. त्याच सुमाराला त्यानं अरबी घोड्यांची पैदास सुरू केली. तिचा मूळपुरुष असलेल्या घोड्याचं नाव होतं बैराक्तार. तुर्की भाषेत त्याचा अर्थ निशाण धरणारा. आमच्या उरुसात निशाण घेऊन पुढं चालणारा माणूस मला आठवला. त्या घोड्याचा वंश आजही वुर्टेम्बर्गच्या मारबाख इथल्या सरकारी पागेत जपला आहे.

आणि मग जत्रा. १८१७ चं पीक बरं आलं. ऑगस्टमध्ये राव्हेन्सबुर्ग, उल्म अशा गावांत धान्याची पहिली गाडी वेशीतून आत आली, तेव्हा लोकांनी ती फुलांनी सजवली, घंटा वाजवल्या, मुलं गाडीबरोबर चालत गेली. भाकरीची मिरवणूक काढावी असं ज्यांना वाटलं, त्यांनी किती उपास काढले असतील? त्याच्या पुढच्या वर्षी, २८ सप्टेंबर १८१८ रोजी, राजाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, कानश्टाटच्या माळावर पहिला मेळा भरला. आपल्याकडं पेशवाई संपली तेच हे साल. या मेळ्यात उत्तम घोडे, वळू, मेंढे पाळणाऱ्यांना बक्षिसं होती आणि घोड्यांच्या शर्यती होत्या. तीस हजारांवर माणसं आल्याचं सांगतात. माळाच्या मध्यावर थुरे नावाच्या दरबारी वास्तुकारानं योजलेला खांब उभा होता. त्या वर्षी हाती आलेली फळं आणि धान्य त्यावर मिरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी जे नव्हतं, ते सगळं त्या खांबावर होतं.

म्हणजे ही जत्रा देवाच्या नावानं सुरू झाली नाही, राजाच्या लग्नानंही नाही. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट १८१० मध्ये राजपुत्राच्या लग्नानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीतून निघाला. कानश्टाटची जत्रा भुकेतून निघाली. ती एका अर्थानं शाळाच होती. शेतकऱ्यानं यावं, शेजाऱ्याचा चांगला वळू बघावा, नवा नांगर हात लावून बघावा, थोडं हसावं आणि घरी जाऊन आपलं शेत सुधारावं. मला वाटतं, आपल्या बैलबाजारांतूनही असंच शिक्षण व्हायचं. फक्त त्याला कुणी शिक्षण म्हटलं नाही.

काथारिनानं पहिली जत्रा पाहिली, दुसरी पाहिली नाही. ९ जानेवारी १८१९ रोजी ती वारली. वय अवघं तीस. राजानं नेकारच्या वरच्या रोटेनबेर्ग टेकडीवर, घराण्याचा मूळ किल्ला पाडून, तिथं तिची समाधी बांधली. मी तिथंही गेलो. द्राक्षमळ्यांच्या मधोमध घुमटाची गोल इमारत आहे. १८६४ मध्ये राजा वारला, तेव्हा त्यालाही तिच्याजवळच ठेवलं. तिथं दर वर्षी एका सणाला रशियन ऑर्थोडॉक्स प्रार्थना होते. परक्या पंथाची ही बाई त्या मातीत राहिली, तिचा पंथही राहिला आणि तिथल्या लोकांनी दोन्ही जपलं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला आयुष्यभर 'तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता' असं विचारलं गेलं आहे, त्या घुमटाखाली जरा शांत वाटलं. माणूस ज्या मातीतल्या भुकेल्यांसाठी राबतो, त्या मातीचा होतो. त्यासाठी आणखी दाखला लागू नये.

या राणीचं नाव आणखी एका ठिकाणी उरलं होतं. कॉकेशसकडं गेलेल्या त्या उपाशी माणसांनी जॉर्जियात एक गाव वसवलं आणि त्याला तिच्यावरून काथारिनेनफेल्ड असं नाव दिलं. त्यांच्या वंशजांना १९४१ मध्ये स्टालिनच्या राजवटीनं तिथूनही उचलून मध्य आशियात पाठवून दिलं. गाव आहे, नाव बदललं. आता त्याला बोलनिसी म्हणतात.

जत्रेचंही सरळ चाललं असं नाही. १८४१ मध्ये राजाच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा दहा हजारांवर लोक मिरवणुकीत चालले. पुढं पहिल्या महायुद्धानंतर राजेशाही गेली आणि नव्या लोकांना तो खांब राजाची खूण वाटला, म्हणून तो उभारणं बंद झालं. १९३५ मध्ये तो परत आला, पण तेव्हा देशात नाझींचं राज्य होतं आणि सुगीचे सण ते आपल्या प्रचाराला वापरत होते. दुसऱ्या महायुद्धात जत्रा भरली नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनानं तिला पुन्हा थांबवलं. एकाच खांबाला कुणी राजाचा म्हटलं, कुणी राष्ट्राचा. तो होता शेतकऱ्याचा, आणि त्याहीपेक्षा उपाशी माणसाचा.

आजही दर चार वर्षांनी या जत्रेला जोडून शेतीचं मोठं प्रदर्शन भरतं. गाई येतात, यंत्रं येतात, शहरातली मुलं दूध कुठून येतं ते बघतात. म्हणजे मूळ अगदीच सुटलेलं नाही. तरी तंबूत गाणाऱ्या गर्दीला १८१६ आठवतं का? बहुधा नाही. मी घरमालकांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "भरल्या पोटी भूक विसरावी म्हणूनच तर तो मेळा भरवला होता." मला ते उत्तर आवडलं, पण पुरतं पटलं नाही. विसरायचंच होतं, तर खांब कशाला उभा केला?

आता आईची गोष्ट. माझा जन्म १९७० चा. बहात्तरच्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. अम्मा मला घेऊन दुष्काळी कामावर जायची. गावाबाहेर पाझर तलावाचं काम चालू होतं. मला बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकायची आणि दिवसभर माती वाहायची. खायला सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. भीक नको, काम द्या, हाच त्याचाही अर्थ होता. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या कल्पनेतून पुढं १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. काथारिनाचं नाव माझ्या आईनं ऐकलेलं असण्याचं कारणच नाही. पण त्या राणीला काय म्हणायचं होतं, ते तिच्या डोक्यावरच्या पाटीला माहीत होतं.

अम्मा आता पंचाहत्तरीच्या पुढं आहे. अजून भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून कपाळाला लावते. जर्मनीहून परत आल्यावर मी तिला खांबाचे फोटो दाखवले आणि सगळी हकीकत सांगितली. राख, पाऊस, भुशाचा पाव, राणी, जत्रा. तिनं चष्मा पुसून फोटो नीट पाहिला आणि घरात बोलतो त्या आमच्या दखनीत मला विचारलं, "हमारे बहत्तर का खंबा किधर है रे?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला रिक्षात बसवून गावाबाहेरच्या त्या तलावावर घेऊन गेलो. पाऊस बरा झाला होता, पाणी होतं. बांधावर गवत माजलं होतं आणि खाली एक जण म्हशी धूत होता. अम्मा थोडा वेळ बांधाकडं बघत उभी राहिली. मग तिनं हातानं दाखवलं, "उधर झोली थी तेरी."

तिथं आता बाभूळ नाही. पण जागा तिला बिनचूक आठवत होती.